डब्यावरील विशेषणे

स्वयंचलित गिअरच्या मोटारीत निर्मात्याच्या नावाचे तेल घालावे की बाजारातले, हा प्रश्न वरकरणी पैशाचा. आमच्या मते तो वाचनाचा आहे. निर्माते हे तेल सहसा स्वतः बनवीत नाहीत, तेलकंपन्यांकडून करवून घेतात. पण ते नुसते वंगणही नव्हे: ते दाब वाहून नेते, क्लचच्या चकत्यांतील घर्षण नेमके राखते. म्हणून मानके आली. जनरल मोटर्सने १९६७ साली ‘डेक्सरॉन’ आणले. ‘डेक्सरॉन-३’चे परवाने २००६ अखेर संपले. आज त्या मानकाला ‘अनुरूप’ म्हणविणाऱ्या तेलामागे केवळ विक्रेत्याचा शब्द आहे.

‘मान्यताप्राप्त’ आणि ‘योग्य’ ही विशेषणे डब्यावर शेजारी नांदतात. पहिल्याचा कर्ता निर्माता, दुसऱ्याचा विक्रेता. वर्गात आम्ही कर्ता शोधावयास शिकवितो. दुकानातही तोच शोधतो. मान्यता स्पष्ट असेल तर बाजारातले स्वस्त तेल आम्ही निःशंक घेतो. आमच्या सीव्हीटी गाडीच्या पुस्तिकेत मात्र एकाच तेलाचे नाव आहे, आणि त्याची मान्यता अन्य कोणत्याही डब्यावर आम्हांला आढळली नाही. तेथे आम्ही महाग तेलच घेतले. गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च त्या फरकाहून कितीतरी मोठा असतो.