चाकांची देवघेव

उपयुक्त छंदांपेक्षा निरुपयोगी छंदच माणसाला अधिक शिकवितात, असे माझे पुष्कळ दिवसांचे मत आहे. आमच्या चिरंजीवांना मोटारींच्या लहान प्रतिकृती जुळविण्याचा नाद. पेटीतून प्लॅस्टिकचे सुटे भाग यावयाचे. ते जोडावयाचे, रंगवावयाचे आणि काचेच्या कपाटात मांडावयाचे. पण एका पेटीतील मोटारीला दुसऱ्या पेटीतील चाके बसविण्यात या मंडळींना जो ब्रह्मानंद होतो, तो काही निराळाच!

हे काम दिसते तितके सोपे नाही. जपानी मोटारी बहुधा १:२४ या प्रमाणाच्या, तर अमेरिकन १:२५ च्या. खऱ्या मोटारीचे ६० सेंटिमीटर व्यासाचे चाक एकीत २५ मिलिमीटर भरते, दुसरीत २४. आणि तो एक मिलिमीटर जाणत्या डोळ्याला खुपतो. एकीचा आख धातूच्या सळईचा, तर दुसरीला नुसती प्लॅस्टिकची खुंटी. भोक मोठे असले तर आत नळी घालावयाची, लहान असले तर ते कोरावयाचे. जुन्या मऊ टायरांची आणखी एक खोड आहे. वर्षानुवर्षे चाकाला चिकटून राहिले की त्यांतील द्रव्य पाझरते आणि चाकाचे प्लॅस्टिक विरघळू लागते. अति निकट सहवास असा निर्जीवांनाही बाधतो!

आमच्या वाशीमला हे खूळ परके वाटेल. पण मुळात ते परके नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो आणि मुले चाकांवरचे लाकडी नंदी ओढीत मिरवितात. आमच्या घरी एका नंदीचे चाक फुटले की माळ्यावरच्या दुसऱ्या नंदीचे काढून बसवीत.

मात्र ज्याची चाके गेली, त्याचे काय? चिरंजीव नोकरीसाठी पुण्यास गेले आणि त्यांचे कपाट झाडण्याचे काम मजकडे आले. मागच्या रांगेत एक निळी मोटार लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. तिची चाके पुढच्या रांगेतील तांबड्या मोटारीला शोभत होती. माझ्या मनात आले, आमच्यासारखी गावे याहून निराळी आहेत काय? तीस वर्षे मी येथे शिकवितो आहे. वर्गातली चलाख मुले पुण्या-मुंबईस जातात, परक्या आखावर बसण्यासाठी स्वतःला थोडे कोरून घेतात आणि चांगली धावतात. त्याचा मला अभिमानच वाटतो. पण त्यांचे आईबाप येथे ठोकळ्यांवर असतात, हेही खरे.

१९७४ साली अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबादला काही पुरातन ब्राँझच्या मूर्ती सापडल्या. त्यांत बैलांचा रथ आहे, चाकांवरचे गेंडा आणि रेडा आहेत, आणि २५ सेंटिमीटर उंचीचा एक हत्तीही आहे. हत्तीचे आख व चाके मात्र हरवली आहेत. तरी तो डौलाने उभा आहे, आणि पाहणारा मनातल्या मनात त्याला चाके लावतोच.

परवा चिरंजीवांनी फोनवर विचारले, “बाबा, त्या निळ्या गाडीसाठी नवी चाके पार्सलने पाठवू का?”

मी म्हटले, “पाठवू नकोस. येशील तेव्हा घेऊन ये.”