घरातलेच शब्द

आम्ही दोघी बहिणी मिरजेच्या मराठी शाळेत शिकलो. घरात दखनी, मकतबात अरबी, शाळेत मराठी. चौथी भाषा इंग्रजी, ती दूरच राहिली.

कॉलेजात पहिल्याच वर्षी सरांनी धाकटीला 'झेनिथ'चा अर्थ विचारला. तिला तो आला नाही. "तुमच्यातल्या मुली शिकून तरी काय करणार?" सर म्हणाले. वर्ग हसला. उद्यापासून कॉलेज बंद, असे धाकटीने घरी येऊन सांगून टाकले.

थोरलीने रद्दीच्या दुकानातून जीआरई परीक्षेचे शब्दांचे जाडजूड पुस्तक आणले. त्या परीक्षेत तेव्हा विरुद्धार्थी शब्द विचारत. २०११ साली तो प्रकार बंद झाला. रोज वीस शब्द, असे आमचे ठरले. पाठ व्हायचे आणि आठवड्यात विसरायचे.

एका रात्री आम्ही घोकत होतो, "टॅरिफ म्हणजे दरपत्रक, जकात." अक्षरओळख नसलेली दादी माळ ओढता ओढता थांबली. "तारीफ? अरी, ये तो अपनाच लफ्ज है!" आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातला मोठा कोश उघडला. मूळ अरबी 'तारीफ', म्हणजे ओळख करून देणे, जाहीर करणे. दादी पाहुण्याला "आपकी तारीफ?" विचारायची, तेच हे!

मग आम्ही प्रत्येक शब्दाचे मूळ पाहू लागलो. 'ॲडमिरल'मध्ये अमीर निघाला, 'मॅगझिन'मध्ये मखजन म्हणजे कोठार. 'नेडर'मध्ये नजीर, म्हणजे समोरचा, जोडीचा, आपल्या 'बेनजीर'मधला. 'अल्कोहोल' निघाला 'अल-कुहल'मधून, म्हणजे सुरमा. बारीक पुडीचे नाव पुढे अर्काला लागले, मग दारूच्या अर्काला. हे ऐकून सुरमा घालणाऱ्या दादीने तौबा तौबा केली!

आणि 'झेनिथ'? तोही अरबीच. 'सम्त अर-रास', म्हणजे डोक्यावरची दिशा. उर्दूतली सिम्त तीच. ज्या शब्दापायी वर्ग हसला, तो आमच्या घरात रोज बोलला जात होता.

शब्द पाठ झाले म्हणून नोकऱ्या दारात आल्या नाहीत. सरांनीही पुन्हा काही विचारले नाही. पण धाकटी वर्गात परत गेली, आणि पहिल्या बाकावर बसली.

आज ती इंग्रजी शिकवते. पहिल्या दिवशी फळ्यावर 'टॅरिफ' लिहिते आणि मुलांना सांगते, "याचा अर्थ घरी जाऊन दादीला विचारा."