एल्फांची बाराखडी

लिपिशास्त्राच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर ब्राह्मी काढत नाही, तेंगवार काढतो. जे. आर. आर. टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीतल्या (1954-55) एल्फ नावाच्या कल्पित लोकांची ही लिपी. कथेत ती फेआनोर नावाच्या एल्फानं घडवली. प्रत्यक्षात, जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक असलेल्या टोल्किननं. आमच्या धर्माबादकडची तेलुगू-मराठी बोलणारी मुलं 'बाहुबली' सिनेमा तेलुगूतच बघतात, आणि त्यातल्या कालकेय टोळीची किलिकी भाषा मदन कार्कींनी रचली हेही त्यांना ठाऊक असतं. त्यामुळं रचलेल्या भाषेचं त्यांना नवल नाही. नवल वाटतं ते अक्षरांचं.

तेंगवारचं अक्षर म्हणजे एक दांडा आणि त्याला चिकटलेलं पोट. दांडा ओळीखाली उतरलेला, पोट उजवीकडं आणि उघडं, की झाला 'त'. पोट दुहेरी केलं की 'द'. दांडा आखूड करून दुहेरी पोट ठेवलं की 'न'. आता हेच पोट बंद करा: 'प', 'ब', 'म' मिळतात. आवाज घोष झाला ('त'चा 'द') की पोट दुहेरी, हा नियम सगळ्या स्तंभांना सारखा. म्हणजे त-वर्ग, प-वर्ग, च-वर्ग, क-वर्ग! स्वरांच्या खुणा व्यंजनाच्या डोक्यावर बसतात. क्वेन्या या एल्फांच्या जुन्या भाषेत त्या आधीच्या व्यंजनावर येतात, अगदी आपल्या मात्रेसारख्या. हे टोल्किननं देवनागरीवरून उचललं असं मी म्हणणार नाही. तोंडात आवाज कुठं आणि कसा तयार होतो याचा हिशेब कुणीही नीट मांडला, तर तक्ता असाच पडतो. ए-बी-सी-डीत मात्र हा हिशेबच नाही. शेजारच्या बासरला सरस्वतीपुढं अक्षराभ्यास करून आलेल्या पोराला तो न सांगता कळतो.

दुसरी गोष्ट समजावायला जास्त वेळ लागतो. कथेतल्या अंगठीवरचा प्रसिद्ध लेख एल्फांच्या अक्षरांत आहे, पण भाषा शत्रूच्या मोर्डोर राज्याची, एल्फांना नकोशी. लिपी एकाची, बोली दुसऱ्याची. मोडीतली मराठी जशी देवनागरीत आली तरी मराठीच राहिली, तसंच हे. तरी 'एल्विश शिकलो' म्हणणारे बहुतेक जण फक्त अक्षरं गिरवायला शिकलेले असतात.

आपल्याकडं लिपी रचण्याचा हा खेळ फार आधी झाला, आणि खेळ म्हणून नव्हे. आमच्याच नांदेड जिल्ह्यातलं माहूर महानुभावांचं मोठं स्थान. या पंथानं आपल्या पोथ्यांसाठी सकळ, सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य अशा किती तरी लिप्या केल्या. सकळ लिपीचं श्रेय रवळोबासांना दिलं जातं. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा खूण घालायची; आतली भाषा शुद्ध मराठी. पोथी पंथाबाहेर जाऊ नये, तिच्यात कुणी ढवळाढवळ करू नये, ही काळजी. ती इतकी चोख घेतली गेली की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडेपर्यंत आणि वि. ल. भाव्यांनी हे वाङ्मय लोकांपुढं आणेपर्यंत 'लीळाचरित्र' बाहेरच्या मराठी वाचकाला जवळजवळ अनोळखी होतं. कोडं म्हणून तेंगवारपेक्षा हे मला कितीतरी सरस वाटतं; लिपी म्हणून नाही. यात अक्षराच्या आकाराचा आवाजाशी संबंध नाही, किल्ली पाठ असेल तरच कुलूप उघडतं.

टोल्किननं किल्ली छापूनच टाकली, पुस्तकाच्या परिशिष्टात, तक्त्यासकट. कथेतल्या मोरिया या भूमिगत नगरीच्या दारावरही त्यानं तेच केलं: उघडण्याचा शब्द दारावरच लिहिलेला, आणि शहाणा जादूगार गँडाल्फ तो भलतीकडं शोधत बसतो.

तास संपायच्या आत पोरं आपापली नावं तेंगवारमध्ये लिहायला घेतात. 'ख', 'फ' अडत नाहीत, कारण दांडा वर-खाली दोन्हीकडं लांबवला की महाप्राण होतो, अशी सोय टोल्किननं करून ठेवली आहे. गाडी अडते ती 'ट', 'ड', 'ण', 'ळ'पाशी. ट-वर्ग एल्फांच्या तोंडी नाही, आणि तेलुगू-मराठी बोलणाऱ्या गावाचं त्याच्याशिवाय पान हलत नाही. मागच्या बाकावरच्या एकीनं त-वर्गाच्या पोटाला आत वळवलेला काटा जोडला, जीभ मागं वळते म्हणून. मी तो तक्त्यात पाचवा स्तंभ म्हणून घालून टाकला.