परवान्याची वेस

शस्त्राच्या परवान्याइतका विलक्षण कागद दुसरा क्वचितच असेल. इतर कागद आपली मालमत्ता, आपलें वय किंवा आपली विद्या सांगतात. हा कागद आपल्याविषयीं लोकांनीं काय मानावें तें सांगतो. 'हा गृहस्थ जवळ पिस्तूल बाळगील, परंतु तुम्हांस भिण्याचें कारण नाहीं,' असा जामीन सरकार त्याच्या शेजाऱ्यांपाशीं राहत असतें. तो मनुष्य आपल्या मुलुखांत आहे तोंवर हा व्यवहार समजण्यासारखा आहे. सही करणारा अधिकारी तेथलाच, चौकशी करणारे पोलीस तेथलेच, आणि कांहीं विपरीत घडलें तर भोगणारेहि तेथलेच. पण तो वेस ओलांडून परक्या हद्दींत शिरला म्हणजे हा जामीन तेथेंहि चालावा काय? एका राज्याचा परवाना दुसऱ्यानें मानावा काय? प्रश्न दिसावयास कायद्याचा आहे. आमच्या मतें तो मुळांत विश्वासाचा आहे.

आमच्यापुढें हा प्रश्न मांडला तो आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया राज्यांत स्थायिक होऊन त्याला वीसएक वर्षें झालीं. वडील वारल्यावर विधीसाठीं तो त्र्यंबकेश्वरीं आला असतां कुशावर्ताच्या पायऱ्यांवर बोलणें निघालें. तिकडे त्याचें दुकान दोनदां लुटलें गेलें. दुसऱ्या खेपेस चोरानें त्याच्या पत्नीच्या कपाळास पिस्तूल लावलें होतें. तेव्हांपासून रीतसर परवाना काढून तोहि कोटाखालीं पिस्तूल बाळगतो. त्याचा धाकटा भाऊ डेलावेअर नदीपलीकडे, न्यू जर्सी राज्यांत राहतो, आणि गणपतीला सारें कुटुंब तिकडे जातें. "सर," तो म्हणाला, "नदीच्या अलीकडे मी परवानेदार गृहस्थ. पूल ओलांडला कीं तेंच पिस्तूल, तोच कोट, आणि मी गुन्हेगार! दुकान बंद करून रात्रीं निघायचें. भीति असते ती वाटेंतच, आणि वाटेंतच तें जवळ ठेवतां येत नाहीं."

त्याच्या बोलण्यांत अतिशयोक्ति नव्हती. न्यू जर्सी दुसऱ्या कोणत्याहि राज्याचा असा परवाना मानीत नाहीं. २०१३ सालीं फिलाडेल्फियाची एक तरुण माता, पेनसिल्व्हेनियाचा परवाना जवळ असतांना, न्यू जर्सींत वाहतुकीच्या किरकोळ कारणावरून अडविली गेली. आपल्यापाशीं पिस्तूल आहे हें तिनें स्वतः होऊन पोलिसास सांगितलें. तिला अटक झाली, आणि कांहीं वर्षांच्या कैदेचा प्रसंग तिच्यावर ओढवला. अखेर २०१५ सालीं तेथील गव्हर्नरांनीं तिला माफी दिली. खरें बोलणाऱ्या बाईला केवळ एका पुलामुळें अपराधी ठरविणारा कायदा मनाला खटकतो यांत नवल नाहीं. म्हणूनच एका राज्याचा परवाना सर्व राज्यांनीं मानावा असें विधेयक २०१७ च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या प्रतिनिधिसभेनें मंजूर केलें. सिनेटनें मात्र तें पुढें नेलें नाहीं.

सिनेटची अडचण समजून घेतली पाहिजे. एखादें राज्य परवाना देण्यापूर्वीं शिक्षण घ्यावयास लावतें, नेम पाहतें, पूर्ववृत्ताची बारकाईनें चौकशी करतें. दुसऱ्या राज्यांत यांपैकीं कांहींच लागत नाहीं; निम्म्याहून अधिक राज्यांत तर आज प्रौढ नागरिकास कोटाखालीं पिस्तूल बाळगण्यास परवानाच लागत नाहीं. व्हरमाँट राज्यानें असा परवाना पूर्वींपासून मागितला नाहीं. त्यामुळें तेथील नागरिकाजवळ परराज्यांत दाखवावयास घरचा कागदहि नसतो. २०२२ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें स्वसंरक्षणार्थ घराबाहेर पिस्तूल बाळगणें हा नागरिकाचा हक्क ठरविला खरा, परंतु परवान्याची पद्धतच मोडीत काढली नाहीं. मग जें राज्य स्वतःच्या माणसांची परीक्षा घेतें, त्यानें परीक्षा न दिलेल्या पाहुण्यास मुक्तद्वार कां द्यावें?

आम्हां अध्यापकांस ही अडचण नवी नाहीं. एका विद्यापीठाची पदवी दुसऱ्यानें मानावयाची असली म्हणजे समकक्षतेचा विचार होतो; अभ्यासक्रम ताडून पाहतात, परीक्षा कशी घेतली तें विचारतात, मगच प्रवेश देतात. यांत त्या विद्यार्थ्याचा अपमान आहे असें कोणी म्हणत नाहीं. शिवाय पोकळ पदवीनें नुकसान झालें तर तें बहुधा पदवीधराचेंच होतें. पोकळ परवान्याचें मोल दुसऱ्याला द्यावें लागतें.

आपल्याकडे, आणि विशेषतः त्र्यंबकास, वेशीचा हा प्रश्न पुरातन आहे. इंग्रजी अमलांत त्र्यंबक खालसा मुलुखांत होतें. पश्चिमेकडे घाट उतरला कीं जव्हारचें संस्थान लागे, उत्तरेकडे सुरगाण्याचें, आणि त्यांपलीकडे दादरा-नगरहवेली पोर्तुगीजांची. १८७८ चा हत्यारांचा कायदा ब्रिटिश मुलुखापुरता होता. त्यानें हिंदी माणसास परवान्यावांचून शस्त्र नाकारलें आणि युरोपियनांस सूट दिली. या भेदाचें शल्य असें कीं, १८८७ सालींच मद्रासच्या अधिवेशनांत काँग्रेसनें त्या कायद्याविषयीं ठराव केला. पुढें १९४८ सालीं जव्हार व सुरगाणा विलीन झालीं, १९५४ सालीं दादरा-नगरहवेली मुक्त झाली, आणि १९५९ च्या शस्त्र अधिनियमानें सबंध देशास एक कायदा दिला. आतां सीमा पुसल्या, तेव्हां परवानाहि सर्वत्र चालावा असें वाटेल. पण तसें झालें नाहीं. आपल्या परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रापुरता आहे तें लिहिलेलें असतें: जिल्हा, राज्य किंवा सबंध भारत. अधिक क्षेत्र पाहिजे असेल तर कारण दाखवून मागावें लागतें. २०१९ च्या दुरुस्तीनें तर एका व्यक्तीजवळच्या बंदुकांची मर्यादा तिनांवरून दोहोंवर आणली, आणि लग्नांत, समारंभांत किंवा देवस्थानीं हर्षानें गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यांत घालणें हा स्वतंत्र अपराध ठरविला. ज्या देशांत कायदा एक, तेथें परवाना आखूड. ज्या देशांत राज्यागणिक कायदे निराळे, तेथें परवाना लांब करण्याची मागणी! हा विरोध दिसतो तितका वेडगळ नाहीं. कायदा एक झाला तरी माणसाची ओळख एक होत नाहीं. नाशिकच्या अधिकाऱ्यानें पारखलेला मनुष्य पाटण्यास अनोळखीच असतो.

यावर कोणी म्हणेल, त्र्यंबकासच सिंहस्थांत शस्त्रधारी साधु देशाच्या कानाकोपऱ्यांतून येतात, त्यांस कोण अडवितो? आक्षेप विचार करण्यासारखा आहे. शैव, उदासीन व निर्मल मिळून दहा आखाडे येथें स्नानास येतात. महानिर्वाणी आखाड्याचे भैरवप्रकाश व सूर्यप्रकाश हे भाले देवताच मानले जातात. हरिद्वार, प्रयाग, उज्जयिनी व त्र्यंबक या चारी क्षेत्रीं पर्वकाळीं त्यांचा मान मोठा. तथापि हीं शस्त्रें उघडीं असतात. मिरवणूक कोणत्या दिवशीं, कोणत्या वाटेनें, कोणाच्या मागून निघणार हें अगोदर ठरलेलें असतें. आणि हा क्रमहि सहज लाभलेला नाहीं. स्नानाच्या मानावरून शैव व वैष्णव यांच्यांत येथें रक्त सांडलें, तेव्हां पेशवाईंत वैष्णवांनीं नाशकास रामकुंडावर आणि शैवांनीं त्र्यंबकास कुशावर्तावर स्नान करावें अशी व्यवस्था लागली. शस्त्र घेऊन येणाऱ्या पाहुण्यास यजमानानें घाट, वेळ व क्रम नेमून दिला, आणि पाहुण्यानें तो मानला. शिखांच्या कृपाणाची गोष्ट याहून निराळी. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदानें तें बाळगणें धर्माचा भाग मानलें आहे, म्हणून त्याला राज्याराज्यांच्या वेशी आड येत नाहींत. पण तेथेंहि कृपाण जवळ आहे ही गोष्ट गुपित नसते.

झांकलेल्या शस्त्राची गोष्ट अशी नाहीं. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशकास विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन यांच्यावर जें ब्राउनिंग पिस्तूल झाडलें, तें लंडनहून पेटीच्या चोरकप्प्यांतून आलेल्या वीस पिस्तुलांपैकीं होतें. कान्हेरे यांच्या आत्मार्पणाची आणि जॅक्सन यांच्या संस्कृतप्रेमाची, दोहोंची आठवण नाशिककर ठेवून आहेत. ज्या सत्तेनें राज्यकर्त्यांच्या जातीस शस्त्र मोकळें ठेवलें व प्रजेस नाकारलें, तिच्या वांट्यास चोरकप्पे आले यांत आश्चर्य नाहीं; परवान्याची वांटणी न्याय्य नसेल तर त्याचा धाकहि राहत नाहीं. तथापि त्या रात्रीं 'शारदा' पाहावयास बसलेल्या प्रेक्षकांस शेजारच्याच्या खिशांत काय आहे तें ठाऊक नव्हतें. कोटाखालच्या पिस्तुलाचा, मग तें परवान्याचें असो वा बिनपरवान्याचें, हा गुणधर्म कायमचा आहे.

मग आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं काय सांगितलें? त्याची भीति खोटी नाहीं, आणि प्रामाणिक वाटसरूस एका पुलासाठीं कैदेंत टाकणें हा न्याय नव्हे. अमेरिकेच्याच १९८६ च्या एका कायद्यांत मधली वाट आहे. जेथून निघालों आणि जेथें जावयाचें तीं दोन्ही ठिकाणें शस्त्र बाळगण्यास मोकळीं असतील, तर मधल्या राज्यांतून तें रिकामें करून, कुलुपांत, हाताबाहेर ठेवून नेतां येतें. वाट मोकळी, मुक्काम नाहीं! परंतु त्याचा मुक्कामच न्यू जर्सींत, तेव्हां त्याला तिचा उपयोग नाहीं. त्याच्या दोन राज्यांनीं परीक्षा समान करावी आणि मग परस्परांचे परवाने मानावेत. तोंवर यजमानाचा नियम पाळावा, असें आम्हीं म्हटलें. त्याचें समाधान झालें नाहीं. "माझ्या बायकोच्या कपाळाला पिस्तूल लागलें, तेव्हां तो चोर कोणत्या राज्याचा परवाना घेऊन आला होता?" असें त्यानें विचारलें. या प्रश्नाला पुरें पडेल असें उत्तर आमच्यापाशीं नाहीं. चोर परवाना मागत नाहीं हें खरें. पण परवाना चोरासाठीं नसतोच. तो आपल्यासारख्या सभ्य माणसांनीं एकमेकांच्या शेजारीं निर्धास्त बसावें यासाठीं आहे.

२०२६-२७ च्या सिंहस्थांत लक्षावधि अनोळखी माणसें कुशावर्ताभोंवतीं खांद्याला खांदा लावून उभीं राहावयाचीं. भाले सर्वांस दिसतील, आणि त्यांचें भय कोणास वाटणार नाहीं. कोणाच्या अंगरख्याखालीं काय आहे हें मात्र एखाद्या म्हातारीला पाण्यांत उतरतांना दिसणार नाहीं. तें तिच्या वतीनें येथल्या कोणीतरी पाहिलेलें असावें एवढाच तिचा हक्क. पाहुण्याच्या सोयीहून तो हक्क आम्ही मोठा मानतों.