रोटेगावच्या फलाटावर

वैजापूरचे रेल्वेस्थानक म्हणजे रोटेगाव. गाडीची वाट पाहत तेथे आम्ही वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला नऊ एके मांडले व त्या संख्येचा वर्ग केला: १२३४५६७८९८७६५४३२१. चढ आणि तसाच उतार.

देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकविणाऱ्या द. रा. कापरेकरांनी या कुळाला 'डेम्लो' म्हटले. ती कल्पना त्यांना सुचली ते स्थानकही डेम्लोच, मुंबईपासून तीस मैलांवरचे. (आमच्या कवींनी एखाद्या वृत्ताला स्थानकाचे नाव दिल्याचे स्मरत नाही.) अंकांची बेरीज ८१, आणि ८१ने संख्येला निःशेष भाग जातो, अशा संख्यांना 'हर्षद' हे नावही त्यांचेच. भागाकार १२३४५६७९ चा वर्ग. त्या १२३४५६७९ मधून आठ तेवढा गायब!

मग आम्ही दहावा एक जोडला. १२३४५६७९००९८७६५४३२१. शिखर खचले. आपलीच चूक समजून पुन्हा गुणले. उत्तर तेच. मधल्या रकान्यात दहा एके जमतात, शून्य उरते, हातचा डावीकडे सरकतो.

शाळेत हातच्याची आम्हांस धास्ती होती. पुढे भाषा शिकविताना लय मोडली की आम्ही कवीच्या नावे लाल रेघ ओढत आलो. मोडण्याआधी ओळीत काय साठले होते, हे कधी मोजले नाही. तपासायच्या वह्या पिशवीतच होत्या.