नेटिव्ह कुठलं?

पुण्यात नवा माणूस भेटला की नावानंतरचा प्रश्न ठरलेला. "नेटिव्ह कुठलं?" मी सांगतो, आर्णी. समोरचा चेहरा कोरा. मग यवतमाळ, मग नागपूर-तुळजापूर रस्ता, अशा खाणाखुणा सांगत बसायचं.

जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेतला 'नेटिव्ह' मला नीट भेटला तो मात्र आर्णीतच. वैशाखातली रात्र, लाइन गेलेली, अंगणात बाज, लॅपटॉपच्या उजेडावर किडे. कंट्रोल दाबून नावावर क्लिक केलं की एरवी मेथड आपलं पोट उघडं करते, कंस, अटी, लूप सगळं. हॅशकोडवर क्लिक केलं तर एकच ओळ: पब्लिक नेटिव्ह इंट हॅशकोड. पुढे अर्धविराम.

आत काहीच नाही.

जे होतं ते दुसऱ्या भाषेत, सी आणि सी-प्लस-प्लसमध्ये होतं. सन कंपनीनं 2006 साली जावाचा सोर्स खुला करायचं जाहीर केलं, 2007 मध्ये ओपनजेडीके आलं. म्हणून मला तो मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, बाजेवर बसून, चाळता येत होता.

लहानपणी उन्हाळ्यात अरुणावतीच्या कोरड्या पात्रात आम्ही झिरा खणायचो. वरची रेती पोळणारी, वीतभर खाली कोमट, कोपरापर्यंत हात गेला की ओलसर, मग कडा ढासळायच्या, मग गढूळ पाणी, ते वाटीनं उपसून फेकायचं आणि नवं झिरपून निवळेपर्यंत उकिडवं बसून राहायचं. त्या रात्री तसंच खणत गेलो. ऑब्जेक्ट-डॉट-सीमध्ये नुसती नावांची यादी, जेव्हीएम-डॉट-सीपीपीनं आणखी पुढे धाडलं, आणि सिंक्रोनायझर-डॉट-सीपीपी या कुलपांचा कारभार पाहणाऱ्या फाइलीत, जिथे मी कधी शोधलंच नसतं, तिथे बोटांना लागलं.

गार.

कॉलेजात घोकलं होतं, हॅशकोड म्हणजे वस्तूचा मेमरीतला पत्ता. तिथे एरवी चालणाऱ्या वाटेवर पत्ता नव्हता. जॉर्ज मार्सालिया या गणितज्ञाची, बिट सरकवून एकमेकांत मिसळायची युक्ती होती, आणि तिच्यातून निघणारा एक वाटेल तो आकडा. (त्या मिसळणीत टाकलेलं एक विरजण 842502087. मला पाठ झालंय.) हा आकडा वस्तूला जन्मतः नसतो. कुणीतरी पहिल्यांदा विचारतं, तेव्हा तयार होतो आणि तिच्या माथ्यावर कोरला जातो. पुढे गार्बेज कलेक्टर झाडलोट करताना तिला उचलून कुठेही ठेवो, पत्ता बदलतो, आकडा तोच.

"काय पाहून राह्यला रे येवढ्या राती?" माय कूस बदलत म्हणाली.

"मूळ शोधून राह्यलो."

"भेटलं?"

"भेटलं. पत्ता नाही निघाला पण."

"मंग झोप आता."

फाइल कुणालाही उघडता येते. तिच्यात गेट-नेक्स्ट-हॅश शोधा.