पटावर तीन नावं

आमच्या संगमेश्वर तालुक्यात गाव एका जागी वसलेलं नसतं. डोंगराच्या अंगावर सात-आठ वाड्या, मधून वाहणारे पऱ्ये आणि चढ-उताराच्या पाखाड्या, हे सगळं मिळून कागदावर एक गाव होतं. म्हणून शाळाही वाडीवाडीला लागली. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या, त्याआधी लोकल बोर्डाची शाळा कुणाच्या पडवीत नाहीतर देवळात भरायची, असं आजोबा सांगायचे. पुढे वाडीने श्रमदान केलं, एकाने जागा दिली, दुसऱ्याने वाशांसाठी झाड दिलं, बायकांनी चिरे डोक्यावरून वाहून आणले आणि कौलारू शाळा उभी राहिली. आईने दारातून हाक मारली तर वर्गातल्या पोराला ऐकू जाईल, इतकी जवळ.

आज त्या शाळेच्या पटावर तीन नावं आहेत.

मी शिकलो तेव्हा एकाच खोलीत चार वर्ग बसायचे. गुरुजी एक. खडू-फळा योजनेतून दुसरी खोली आणि दुसरा शिक्षक मिळायला 1987 नंतरचा काळ उजाडावा लागला. पण त्या एका खोलीतल्या गर्दीचा एक फायदा होता. गुरुजी चौथीला औटकी म्हणायला लावायचे, तेव्हा पहिलीतली आम्ही पोरं पाटीवर ग म भ न गिरवता गिरवता ती ऐकत असायचो. चौथीतल्या मुली पहिलीतल्यांचे हात धरून अक्षरं वळवून घ्यायच्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की जमीन सारवली जायची. पावसाळ्यात ओसरीवर इरली एकावर एक टेकवलेली असायची आणि त्यांतून निथळणाऱ्या पाण्याचा ओघळ उंबऱ्यापर्यंत यायचा. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, तिला झेंडूची फुलं वाहायची आणि गुरुजींच्या पाया पडून आपट्याची पानं द्यायची. पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीचं पुढचं टोक खालच्या वाडीत पोचलं तरी मागचं टोक शाळेजवळच असायचं.

एवढी पोरं होती, कारण तेव्हा मुंबईला बाप जायचा. गिरणीत नाहीतर गोदीत नोकरी, गावच्या माणसांबरोबर खोलीत पथारी आणि दर महिन्याला मनीऑर्डर. आई, आजी आणि पोरं गावात, शेतावर, शाळेत. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसत गेल्या आणि हळूहळू ही रीतही बदलली. आता बाप एकटा जात नाही, अख्खं बिऱ्हाड जातं. नालासोपारा, विरार, दिवा इथे खोली मिळते आणि पोराचं नाव तिथल्याच शाळेत घातलं जातं. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 96 हजारांवरून 16 लाख 15 हजारांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. देशाची वाढत असताना आमची घटली. त्यात घरटी मुलं एक किंवा दोन. जी उरली, त्यांतल्या काहींना सकाळी सातला पिवळी गाडी घेऊन जाते. 2012 च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांना वाट मोकळी झाली आणि तालुक्याच्या रस्त्याला इंग्रजी माध्यमाच्या पाट्या लागल्या. आईबापांना मी दोष देणार नाही. मुलाचं भलं व्हावं, एवढंच त्यांना वाटतं.

सरकारने यावर काढलेला उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. 2017 साली दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा जवळच्या शाळांत मिळवण्याचा निर्णय झाला, तेव्हा राज्यभर ओरड झाली. सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण आयुक्तालयाने समूहशाळांचे प्रस्ताव मागवले आणि नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ दाखवलं. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा तेव्हा राज्यात 15 हजारांच्या घरात होत्या. चार-पाच पोरांमागे दोन शिक्षकांचे पगार, इमारतीची डागडुजी, पोषण आहार, हा हिशोब तिजोरीला जड जातो, हे खरंच आहे.

आणि दुसरंही खरं आहे, ते गावच्या माणसानेही बोललं पाहिजे. तीन पोरांची शाळा ही आमची ती शाळा नव्हे. खो-खोला एका बाजूला नऊ गडी लागतात. इथे लगोरीचे दोन डाव पडत नाहीत. एक पोर पहिलीत, एक तिसरीत, एक चौथीत. तिसरीतलीने कविता म्हटली तर तिच्या मागून म्हणायला कुणी नाही. गेल्या पावसात मी शाळेत गेलो होतो. बाई मन लावून शिकवत होत्या, भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवलेले तक्ते होते, पण मधली सुट्टी झाली तरी आवाज झाला नाही. खिचडी खाऊन तिघं पायरीवर बसून राहिली. अशा पोरांना सोबत मिळायला हवी, यात माझ्या मनात शंका नाही.

पण अंतर मोजणार कोण आणि कोणत्या महिन्यात? शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. आमच्या वाडीहून केंद्रशाळा नकाशावर जवळच दिसते. जुलैत मात्र मधल्या पऱ्याला पाणी येतं, साकवावरून लोट जातात आणि मोठी माणसंही पलीकडे थांबून राहतात. बस द्यायची म्हटली तर पाखाडीवर बस चढत नाही. पानशेतला जे जमलं ते डांबरी रस्त्याच्या बळावर. सहा वर्षांची मुलगी पावसात त्या वाटेने एकटी जाईल का? आई तिला घरीच ठेवील, आणि बघता बघता तिचं नाव पटावरूनही जाईल.

शाळेबरोबर आणखी एक गोष्ट वाडीतून जाते, तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. ती म्हणजे दाखल-खारीज रजिस्टर. टाक बुडवून लिहिलेली नावं, अंदाजाने टाकलेल्या जन्मतारखा, बापाचा धंदा आणि जात. आमच्याकडे घरोघर कुणबी. इतर मागासवर्गीयांना जातीच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो आणि तो बहुतेकांना मिळतो याच जुन्या रजिस्टरात. ज्या आजोबांनी दुसरीत शाळा सोडून गुरं राखली, त्यांच्या एका ओळीवर आज नातीला महाविद्यालयात प्रवेश मिळतो. शाळा बंद झाली की ते रजिस्टर केंद्रशाळेत जाणार, तिथल्या कपाटात आणखी दहा शाळांच्या गठ्ठ्यांत पडणार. वाळवी आणि कोकणचा पाऊस कुणासाठी थांबत नाही.

म्हणून ग्रामसभेत आम्ही लिहून दिलं आहे. तिसरीपासूनची मुलं केंद्रशाळेत न्या, आमची हरकत नाही; मात्र साकवाच्या जागी आधी पूल बांधा. पहिली-दुसरी वाडीत ठेवा, अंगणवाडीला लागून एक शिक्षक द्या. आणि रजिस्टर हलवण्यापूर्वी त्याच्या पानापानाची साक्षांकित प्रत ग्रामपंचायतीत ठेवा.